नराश्वाची इमारत

‘स्कायस्क्रेपर’ला मराठीत आपण ‘गगनचुंबी इमारत’ म्हणतो. इंग्रजांची इमारत आकाश खरवडते, आपली त्याचे चुंबन घेते. संस्कृतातला ‘अभ्रंलिह’ तर ढग चाटतो. अनुवाद करताना यातला कोणताही शब्द आला की माझ्या डोळ्यांसमोर नरिमन पॉइंटवरची एअर इंडियाची इमारत येते. रायपूरला तात्यापारात वाढलेल्या आम्हा मुलांची मुंबई म्हणजे हावडा-मुंबई मेल, मामाचे घर आणि ही इमारत.

समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर १९७४ मध्ये ती उभी राहिली. मजले २३, आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन्सन-बर्जी यांचा, आणि माथ्यावर कंपनीचे बोधचिन्ह, नराश्व. मामाची कचेरी तिथून जवळच होती. सुटीत तो आम्हाला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसवून ती दाखवत असे.

१२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी पहिला स्फोट शेअर बाजाराच्या इमारतीत झाला, पुढे तासाभरात एअर इंडियाच्या इमारतीपाशी. शहरभरच्या स्फोटांत २५७ माणसे गेली. त्या रात्री आई शेजाऱ्यांच्या फोनपाशी बसून होती. मामा चालत दादरला पोहोचला होता. पुढे त्याने त्या इमारतीचे नाव कधी घेतले नाही. नुसते ‘तिकडे’ म्हणायचा.

कंपनीचे मुख्यालय २०१३ मध्ये दिल्लीला गेले. २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे परतली, इमारत मात्र सरकारकडेच राहिली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने ती १,६०१ कोटी रुपयांना महाराष्ट्र शासनाला देण्यास मंजुरी दिली. २०१२ च्या आगीपासून मंत्रालयाला जागा अपुरी पडत होती.

आम्हा रायपूरकरांना याचे नवल नाही. २००० मध्ये छत्तीसगड राज्य झाले, तेव्हा दाऊ कल्याण सिंह यांच्या दानातून झालेल्या रुग्णालयाच्या इमारतीत मंत्रालय आले. २०१२ मध्ये ते नवा रायपूरला गेले आणि पुढे तिथे पुन्हा रुग्णालय सुरू झाले. मधली बारा वर्षे माझी आजी रिक्षावाल्याला ‘डी. के. अस्पताल’च सांगत होती, आणि तोही तिला बरोबर मंत्रालयाच्या दारात सोडत होता.

एअर इंडियाच्या इमारतीचेही तसेच होईल, असे वाटते. पाटी बदलली तरी टॅक्सीवाल्याला जुने नावच सांगितले जाईल. मामाच्या ‘तिकडे’ला मात्र मला अजून हिंदी शब्द सापडलेला नाही. ‘उधर’ लिहिले की नुसती दिशा उरते.