मोजून-मापून लिहिलेले इंग्रजी

इंग्रजी शिकणारा वाचक ओळीगणिक शब्दकोश उघडू लागला, की आधी गोष्ट हातची सुटते आणि मग पुस्तक. वाचकाच्या शब्दसंपत्तीच्या बेताने मजकूर लिहिणे, हा त्यावरील जुना उपाय. अशा मजकुराला श्रेणीबद्ध पाठ म्हणतात. मराठी माध्यमाच्या शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. त्यामुळे असे पाठ स्वतः तयार करू शकणाऱ्या शिक्षकांची गरज येथेही आहे.

या पद्धतीच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी एक बंगालमध्ये झाला. मायकेल वेस्ट या ब्रिटिश शिक्षणाधिकाऱ्याने १९२०च्या दशकात ढाक्यात विद्यार्थ्यांसाठी वाचनमाला रचली. तिच्यात दुर्मीळ शब्दांच्या जागी नेहमीचे शब्द घातले आणि नवे शब्द थोडेथोडे, पुनःपुन्हा आणले. १९५३ मध्ये त्यांची सुमारे २,००० शब्दांची 'जनरल सर्व्हिस लिस्ट' प्रसिद्ध झाली. 'ऑक्सफर्ड बुकवर्म्स' मालिकेची पहिली पायरी ४०० मूळ शब्दांची, तर सहावी २,५०० शब्दांची आहे.

साधने काय करतात?

पूर्वी हे शब्द हाताने मोजावे लागत. आता टॉम कॉब यांच्या 'लेक्सट्यूटर' या संकेतस्थळावर मजकूर टाकला, की कोणता शब्द पहिल्या हजारातला, कोणता दुसऱ्या हजारातला आणि कोणता यादीबाहेरचा, हे रंगांतून दिसते. लॉरेन्स अँथनी यांचे 'अँटवर्डप्रोफायलर' हे विनामूल्य सॉफ्टवेअर संगणकावर उतरवून घेऊन हेच काम करता येते. आधाराविना वाचून समजण्यासाठी मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत, असे हू आणि नेशन यांच्या २००० मधील अभ्यासातून पुढे आले. म्हणजे ३०० शब्दांच्या पाठात अनोळखी शब्द फार तर सहा. यादीबाहेरचे शब्द पाहून लेखकाने ठरवायचे : बदलायचा, गाळायचा की शिकवण्यासाठी ठेवायचा. ठेवलेला शब्द पाठात तीन-चारदा यावा.

यंत्राला न दिसणारे

यंत्र शब्द मोजते, अर्थ नव्हे. 'गिव्ह' आणि 'अप' हे दोन्ही शब्द सोपे. पण 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे, हे नवशिक्याला ठाऊक नसते. उलट १९५३च्या यादीत 'कॉम्प्युटर' नाही. तरी शहरातील मराठी मुलाला तो शब्द मुळीच परका नाही.

सुगमता मोजणाऱ्या फ्लेश सूत्राचेही तसेच. वाक्यातील शब्द आणि शब्दातील अवयव यांची सरासरी एवढेच ते पाहते. 'बिकॉज' काढून एका वाक्याची दोन केली, तर गुण वाढतात. मात्र कार्यकारणाचा दुवा वाचकाला स्वतः जोडावा लागतो. पाठ कागदावर सोपा आणि समजण्यास अवघड होतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सांगितलेल्या पातळीचा मजकूर क्षणात लिहून देतात. तो दिलेल्या शब्दमर्यादेत राहीलच असे नाही, आणि सोपे करताना तपशीलही बदलू शकतो. म्हणून तो शब्दयादीवर तपासावा, मुळाशी ताडून पाहावा आणि शेवटी एखाद्या विद्यार्थ्याकडून वाचून घ्यावा. तो कोठे अडखळतो, हे कोणत्याही आकड्याहून अधिक सांगून जाते.