उच्चार, आकार आणि संकेत : जिस्ट कार्ड व भारतीय लिपींचे संगणकीकरण

देवनागरी आणि यंत्र यांच्या संबंधाचा इतिहास हा प्रामुख्याने लिपीने केलेल्या तडजोडींचा इतिहास आहे. लोकमान्य टिळकांनी छपाईच्या सोयीसाठी खिळ्यांची संख्या घटविण्याचा प्रयत्न केला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत ‘अ’च्या बाराखडीचा पुरस्कार केला. टंकलेखन यंत्राने तर अनेक जोडाक्षरे मोडून ती अर्ध्या अक्षरांच्या तुकड्यांनी जुळविण्यास लेखकाला भाग पाडले. या सर्व प्रयत्नांमागे यंत्र स्थिर आहे व लिपीनेच बदलले पाहिजे, हे एक गृहीत होते. १९८०च्या दशकात भारतीय संगणकक्षेत्रात या गृहीताची उलटापालट झाली. ती ज्या साधनातून झाली, ते जिस्ट कार्ड आज वापरातून गेले आहे. परंतु त्यामागील भाषिक निर्णय भारतीय लिपींच्या प्रत्येक संगणकीय मजकुरात टिकून आहे.

या साधनाची पार्श्वभूमी कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झाली. आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या देवनागरी संगणकाचा प्राथमिक नमुना १९८३ मध्ये दिल्लीत भरलेल्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात दाखविण्यात आला. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. महासंगणकाची निर्मिती हे तिचे मुख्य उद्दिष्ट असले, तरी जिस्टचे कार्यही तेथेच विस्तारले.

हे कार्य आज्ञावलीऐवजी स्वतंत्र कार्डाच्या रूपाने का करावे लागले, याचे उत्तर तत्कालीन यंत्रांच्या रचनेत आहे. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीच्या अक्षर-पद्धतीत पडदा ८० स्तंभ व २५ ओळींत विभागलेला असे आणि प्रत्येक चौकटीत २५६ ठरावीक चिन्हांपैकी एक उमटे. वेलांटी, रफार, जोडाक्षरे यांना या चौकटींत स्थान नव्हते. तसेच वर्डस्टार, डीबेस यांसारख्या प्रचलित आज्ञावल्या रोमन लिपी गृहीत धरून लिहिल्या गेल्या होत्या आणि त्या बदलणे भारतीय वापरकर्त्याच्या हाती नव्हते. संगणकाच्या स्लॉटमध्ये बसविलेले जिस्ट कार्ड आज्ञावली आणि पडदा यांच्या मध्ये उभे राही. आज्ञावलीला केवळ संकेतांची मालिका दिसे; त्या मालिकेपासून अक्षराकृती घडविण्याचे काम कार्ड करी. आज्ञावलीला देवनागरीचे ज्ञान नसतानाही तिच्यात देवनागरी मजकूर हाताळता येऊ लागला.

या योजनेचा गाभा होता साठवण आणि दर्शन यांची फारकत. १९८८ मध्ये निश्चित झालेल्या आणि १९९१ मध्ये आय. एस. १३१९४ या भारतीय मानकाच्या रूपाने स्वीकारल्या गेलेल्या ‘इस्की’ संकेतप्रणालीत लिपीच्या आकारांना नव्हे, तर वर्णांना क्रमांक देण्यात आले. ‘स्त्री’ हा शब्द स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार अशा सहा संकेतांनी साठविला जातो. ‘कविता’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना ‘व’च्या आधी दिसते, परंतु संकेतक्रमात ती उच्चारानुसार ‘व’नंतरच येते. वर्णमालेच्या परंपरेतील उच्चारविचार येथे यंत्राच्या स्मृतीचा पाया झाला.

मराठीच्या दृष्टीने याची एक लक्षणीय खूण आहे. ‘दर्या’ (समुद्र) आणि ‘दऱ्या’ (दरीचे अनेकवचन) यांतील भेद मराठीत अर्थभेदक आहे. हिंदीच्या लेखनव्यवहाराला त्याची गरज नाही. ‘ऱ’ या वर्णाला स्वतंत्र संकेत देऊन त्याच्या हलन्त रूपातून हा अर्धा ‘ऱ्’ साधण्याची व्यवस्था इस्कीत झाली आणि युनिकोडनेही तीच स्वीकारली. देवनागरी म्हणजे केवळ हिंदीची लिपी नव्हे, ही जाणीव अशा एका संकेतातून मानकात नोंदली गेली.

ब्राह्मीपासून उद्भवलेल्या लिपींना एकच संकेतसंच देणे हे इस्कीचे दुसरे वैशिष्ट्य होय. त्यामुळे एका लिपीत साठविलेला मजकूर दुसऱ्या लिपीत दाखविणे शक्य झाले. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला ही सोय मोहात पाडणारी आहे. पण तिच्या मर्यादाही तितक्याच बोलक्या आहेत. तमिळ लिपीत महाप्राण व घोष व्यंजनांसाठी स्वतंत्र अक्षरांचा पूर्ण संच नाही. म्हणून देवनागरीतून तेथे गेलेला शब्द परतताना मूळ रूपात येईलच असे नाही. अकारयुक्त व्यंजन हे मूळ एकक मानणे तमिळ अक्षरकल्पनेशी जुळत नाही, अशी टीका होत राहिली. २०१० मध्ये तमिळनाडू शासनाने युनिकोडसोबत एका वेगळ्या तमिळ संकेतप्रणालीलाही मान्यता दिली. फारसी-अरबी वळणाची उर्दू आणि संथाळीची ओल चिकी या संचाबाहेर राहिल्या. ओल चिकीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २००८ मध्ये. लिपींच्या ऐक्याची कल्पना कोणाला सामावते आणि कोणाला वगळते, हा प्रश्न तांत्रिक मानकातही अटळ ठरतो.

पुढे चित्रात्मक पडद्यांचा आणि डीटीपीचा काळ आला आणि स्वतंत्र कार्डाची आवश्यकता संपली. मात्र त्याबरोबर एक उलटा प्रवासही घडला. मुद्रणव्यवसायातील अनेक फॉन्ट पुन्हा आकारांनाच संकेत देऊ लागले : काना वेगळा, अर्धे अक्षर वेगळे, वेलांटी व्यंजनाच्या आधी, ‘सूर्य’मधील रफार ‘य’नंतर. छापलेले पान उत्तम दिसे. परंतु मूळ फॉन्ट नसेल तर त्या फाइलमध्ये निरर्थक रोमन चिन्हांची रांगच उरे. टंकलेखन यंत्राची तडजोड अशा रीतीने संगणकात परतली. युनिकोडचा वापर रुळेपर्यंतच्या काळातील कितीतरी मराठी पुस्तके, नियतकालिके व प्रबंध यांच्या फाइल अशा संकेतांत आहेत. शब्दसूची, पाठभेदांची तुलना किंवा संदर्भशोध यांसाठी त्यांचे रूपांतर करावे लागते, आणि रूपांतरातील प्रत्येक चूक नवा पाठभेद निर्माण करते. पाठचिकित्सेने लेखनिकाच्या प्रमादांइतकेच या प्रमादांकडेही लक्ष देणे आवश्यक आहे.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीने १९८८च्या इस्कीचा आधार घेतला. लिपींना स्वतंत्र विभाग मिळाले; पण त्या विभागांत समान वर्णांचे समांतर स्थान, उच्चारानुसारी क्रम आणि हलन्ताने जोडाक्षर घडविण्याची रीत कायम राहिली. जिस्ट कार्ड ज्या यंत्रांसाठी घडले ती यंत्रे मोडीत निघाली आणि आज्ञावल्यांच्या आवृत्त्याही मागे पडल्या. त्यांच्या तुलनेत संकेतरचना दीर्घायुषी ठरली, कारण साठविलेला प्रत्येक मजकूर तिच्यावर अवलंबून असतो. म्हणूनच भारतीय साहित्याच्या अर्वाचीन इतिहासात ग्रंथ, मुद्रणालय आणि नियतकालिक यांच्याबरोबर संकेतप्रणालीचाही विचार व्हावयास हवा. ‘दऱ्या’ शोधणाऱ्या वाचकाला ‘दऱ्या’च सापडाव्यात, याची तजवीज त्या प्रणालीनेच केलेली असते.