तीन किलोचा गिरणी कामगार

गेले तीन वीकांत लिहीन लिहीन म्हणतोय आणि राहून जातंय. आज बाहेर पाऊस आहे, रिलीज चक्क वेळेत झालंय आणि बंड्या पायाशी झोपलाय. तेव्हा म्हटलं, आज होऊनच जाऊ दे.

बंड्या म्हणजे आमचा यॉर्कशायर टेरिअर. वजन २ किलो ९०० ग्रॅम. पाठीवर पोलादी निळसर केस, तोंडावर आणि पायांवर सोनेरी तपकिरी. बघणाऱ्याला वाटतं खेळणंच आहे. आम्हालाही तसंच वाटलं होतं, आणि तिथेच सगळी गडबड झाली.

घरी आणला तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होता. विकणाऱ्याने ‘टीकप आहे, एवढासाच राहतो, काही त्रास नाही’ असं सांगून वर जास्तीचे पैसे घेतले होते. तिसऱ्याच रात्री दोन वाजता पिल्लू लुळं पडलं. उभं राहता येईना, नुसतं थरथरत होतं. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, हिरड्यांना मध चोळा आणि आत्ताच्या आत्ता घेऊन या. रक्तातली साखर उतरली होती. वाचला! पण सकाळी बाबांनी निकाल दिला, "शोकेसमधली वस्तू आहे ही. परत देऊन ये."

पुढे पिल्लू तगलं, आणि तगल्यावर त्याने आपले रंग दाखवले. बाल्कनीतल्या कुंड्या उकरणं, बेल वाजली की इमारत डोक्यावर घेणं, आईची पायपुसणी तोंडात धरून गदागदा हलवणं. बाबांचं "देऊन टाक" चालूच होतं. शेवटी हापिसातला एक मित्र घ्यायला तयार झाला. रविवारसुद्धा ठरला.

आता सवयीचा परिणाम म्हणा, मी मित्रासाठी हँडओव्हरचं डॉक्युमेंट लिहायला बसलो. खाणं, औषधं, सवयी, आणि सुरुवातीला दोन ओळी या जातीच्या इतिहासाबद्दल. त्या दोन ओळींसाठी वाचायला लागलो आणि रात्रीचे अडीच कधी वाजले कळलं नाही.

गोष्ट सुरू होते इंग्लंडच्या उत्तरेला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. यंत्रमागांपुढे स्कॉटलंडमधल्या हातमागवाल्यांचा धंदा बसत चालला होता. पोटासाठी ही माणसं यॉर्कशायर आणि लँकशायरच्या गिरण्यांच्या गावांत आली. सामान फारसं नव्हतंच, पण सोबत त्यांची लांब केसांची छोटी कुत्री होती. ‘टेरिअर’ हा शब्द जमिनीसाठीच्या लॅटिन ‘टेरा’ या शब्दावरून आलाय. बिळात शिरून शिकार हुसकायची, नाहीतर तिथेच निकाल लावायचा, हे या कुत्र्यांचं काम. गिरण्यांत आणि खाणींत उंदीर मुबलक. कुत्रं लहान असलं की यंत्रामागच्या फटीत शिरतं, खातं कमी आणि कामगाराच्या खोलीत मावतं. स्कॉटलंडहून आलेल्या या कुत्र्यांचा तिथल्या टेरिअरांशी संकर होत गेला आणि त्यातून आजची जात घडली. तिचे रेशमी केस बघून लोक थट्टेने म्हणायचे, हे केस या विणकरांनी मागावरच काढले असणार :)

त्या काळात उंदीर मारण्याच्या शर्यतीही लागायच्या. १८३५ च्या कायद्याने बैलांवर आणि अस्वलांवर कुत्री सोडायच्या खेळांना बंदी आली आणि दारूच्या गुत्त्यांतला हा खेळ फोफावला. एक हौद, त्यात मोजून सोडलेले उंदीर, हातात घड्याळ आणि भोवती पैसे लावणारी गर्दी. लंडनच्या टायनी नावाच्या जेमतेम अडीच किलोच्या टेरिअरने १८४०च्या दशकाच्या अखेरीस तासाभराच्या आत २०० उंदीर मारले होते. तो यॉर्की नव्हता, तेव्हाचा काळा-तांबूस छोटा टेरिअर होता. पण अडीच किलोत काय काय मावतं ते कळतं. झुरळ बघून ओरडणाऱ्या आमच्यासारख्यांनी तर गप्पच बसावं.

मग आला हडर्सफील्ड बेन. जन्म १८६५, मालकीण ब्रॅडफर्डच्या मेरी अ‍ॅन फॉस्टर. प्रदर्शनांत त्याने सत्तरच्या वर बक्षिसं मिळवली, आणि उंदरांच्या शर्यतीतही तो उतरायचा. १८७१ मध्ये घोडागाडीखाली येऊन मेला, अवघ्या सहा वर्षांचा. तरी आजच्या यॉर्कींचा मूळपुरुष त्यालाच मानतात. मजा अशी की बेन स्वतः पाच किलोच्या आसपास होता. पिल्लं मात्र बरीच लहान निघायची, आणि लोकांना तीच हवी होती. ‘यॉर्कशायर टेरिअर’ हे नाव १८७० पासून रुळलं, १८८६ मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबने जातीला मान्यता दिली. आणि गिरणीतला कुत्रा श्रीमंत बायकांच्या दिवाणखान्यात जाऊन बसला. केसांना रिबीन लागली. आज तिथल्या नियमाप्रमाणे वजनाची कमाल मर्यादा आहे ३.२ किलो. ‘टीकप’ नावाचा प्रकार त्या नियमांत कुठेच नाही, तो विकणाऱ्यांनी काढलेला शब्द आहे.

इथे मी थांबलो. त्या रात्रीचं ते लुळं पिल्लू आठवलं. आपण कुत्रा लहान करत गेलो, पण त्याच्या शरीरातला एकही भाग कमी केला नाही. ग्रेट डेनला ४२ दात असतात, यॉर्कीलाही ४२च. एवढ्याशा जबड्यात ते दाटीवाटीने बसतात, दुधाचे दात पडत नाहीत, मग किटण, मग हिरड्या. श्वासनलिका नाजूक, गुडघ्याची वाटी सरकणारी. काहींना जन्मतःच यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी असते. आणि पिल्लू जितकं छोटं तितकी साखर उतरायची भीती जास्त. ‘क्यूट’ची किंमत आपण एकदा दुकानात देतो, तो आयुष्यभर देत राहतो.

शरीर असं, पण स्वभाव तोच राहिला. याचा पुरावा म्हणजे स्मोकी. १९४४ मध्ये न्यू गिनीच्या जंगलात एका खंदकात ही यॉर्की सापडली. बिल विन नावाच्या अमेरिकन सैनिकाने ती दोन ऑस्ट्रेलियन पौंडांना विकत घेतली. वजन चार पौंड, म्हणजे दोन किलोलाही कमी. तो तिला शिरस्त्राणात आंघोळ घालायचा. १९४५ मध्ये फिलिपिन्समधल्या लिंगायेनला धावपट्टीखालून तार न्यायची होती. सुमारे ७० फूट लांब आणि ८ इंच रुंद पाइप, त्यात जागोजागी माती भरलेली. खोदायचं तर धावपट्टी बंद, आणि विमानं उघड्यावर शत्रूच्या तोंडी. विनने तिच्या पट्ट्याला दोरी बांधली आणि पलीकडच्या टोकाला जाऊन हाका मारल्या. ती आरपार गेली. १९५७ पर्यंत जगली.

रविवारी मित्र यायच्या आधी मी बाबांना हे सगळं सांगितलं. बाबा पेपर वाचत होते, म्हणजे ऐकत नाहीयेत असं दाखवत होते. गिरण्यांचं आलं तसा पेपर खाली आला. माझे आजोबा परळच्या गिरणीत साच्यावर होते. बाबांचं बालपण दहा बाय बाराच्या खोलीतलं. १९८२ चा संप झाला आणि ते सगळंच संपलं. मुंबईच्या कितीतरी गिरण्यांतली यंत्रं लँकशायरच्या ओल्डहॅमहून आलेली, हे मला त्या दिवशी बाबांनी सांगितलं. त्यावरचं नाव त्यांना अजून पाठ होतं.

मग बंड्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे गिरणी कामगाराचा कुत्रा म्हण की!"

मित्राला फोन करून सॉरी म्हटलं. त्यानेही सुटकेचा नि:श्वास टाकला असावा.

डॉक्युमेंट मात्र घरातच कामाला आलं. कुंड्या उकरणं, गदागदा हलवणं हा बग नाहीये, फीचर आहे. उंदीर तसाच मारतात. म्हणून आता त्याच्यासाठी मातीची एक वेगळी कुंडी आहे, जुन्या टॉवेलमध्ये खाऊ लपवून शोधायला देतो, रोज दोनदा फिरायला नेतो. कामाला जुंपल्यापासून भुंकणं निम्म्यावर आलंय. गळ्यात पट्टा नाही, छातीवरचा हार्नेस, म्हणजे श्वासनलिकेवर ताण येत नाही. सोफ्यावरून उडी बंद, त्याला पायरी केलीय. लहानपणी दिवसातून चार-पाच वेळा थोडंथोडं खाणं, आता तीनदा. दात घासतो, कुत्र्यांच्या पेस्टने, आपली चालत नाही. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं बंद. आईला पटवायला सगळ्यात जड गेलं ते प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे, पण तेही विषारीच. खालची मऊ लव या जातीला नसते, नुसते वाढत राहणारे केस. रोज विंचरले नाहीत तर गुंता होतो आणि त्यात गोचीड लपतात. म्हणून केस बारीक ठेवलेत, रिबीन नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पावसाळा. उंदरांच्या लघवीतून लेप्टो पसरतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो अनुभवलाय. ज्या कुत्र्याच्या रक्तातच उंदीर आहे, त्याला आपल्या शहरात रेबीजइतकीच लेप्टोची लस हवी, आणि ती दरवर्षी चुकवायची नाही.

काल संध्याकाळी बाबा त्याला घेऊन खाली गेले होते. गटाराच्या जाळीपाशी घूस दिसली, जवळजवळ बंड्याएवढीच. हा गडी ताठ उभा, एक पाय वर, नजर हलेना. बाबांनी त्याला उचलून वर आणलं. पाय पुसता पुसता त्याला म्हणत होते, "पाळी संपली तुझी. आता जेवून घे."