डोळ्यांखालचा खळगा : पॅराफिन ते हायलुरॉनिक आम्ल

डोळ्यांखालची काळी वर्तुळे पुष्कळदा त्वचेच्या रंगामुळे नव्हे, तर खळग्यात पडणाऱ्या सावलीमुळे दिसतात. खळगा भरण्याची कल्पना जुनी आहे. १८९३ मध्ये जर्मन शल्यविशारद नॉयबर यांनी दंडातील चरबीने चेहऱ्यावरील खोलगट व्रण भरले. १९०० च्या सुमारास व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेरसुनी यांनी पॅराफिन टोचण्याची पद्धत रूढ केली. ती सोपी होती, आणि घातकही: पॅराफिन जागा सोडून सरके, गाठी धरी, बाहेर काढणे जवळजवळ अशक्य. विख्यात सौंदर्यवती ग्लॅडिस डीकन हिने नाकात टोचून घेतलेले पॅराफिन हनुवटीकडे उतरले.

१९३४ मध्ये कार्ल मेयर व जॉन पामर यांनी हायलुरॉनिक आम्ल वेगळे केले, तेही गुरांच्या डोळ्यांतून! आज डोळ्यांखाली बहुधा तेच टोचतात. हायलुरॉनिडेज हे विकर ते विरघळवू शकते. मात्र रक्तवाहिनीत शिरल्यास, क्वचित का होईना, दृष्टी आजही जाते.