चुंबकीय मस्तिष्क-उद्दीपन (मंत्रचळावरील)

डोक्यावर ठेवलेल्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंद देऊन मेंदूतील ठरावीक भागाची क्रियाशीलता बदलणारी, शस्त्रक्रियेविना केली जाणारी उपचारपद्धती. अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे तिचे मूळ तंत्र दाखवले. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे मेंदूच्या बाह्यकात क्षीण विद्युत् प्रवाह निर्माण होतो (पहा : विद्युत् चुंबकीय प्रवर्तन). विद्युत्-आघात उपचारात (पहा) द्यावी लागते तशी भूल यात द्यावी लागत नाही.

मंत्रचळात (पहा : ओसीडी) मध्य अग्रखंड व अग्र सिंग्युलेट बाह्यक हे लक्ष्य असते. ते खोल असल्याने एच-वेटोळे वापरतात. सत्राआधी रुग्णाच्या मनात त्याचीच शंका किंवा भीती मुद्दाम जागवतात, म्हणजे संबंधित मज्जामंडल सक्रिय असताना स्पंद पोहोचतात. या पद्धतीचे हे खास वैशिष्ट्य. वारंवारता २० हर्ट्‌झ. सुमारे सहा आठवड्यांत २९ सत्रे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये प्रौढांसाठी पूरक उपचार म्हणून यास मान्यता दिली. आधारभूत चाचणीत प्रतिसाद सुमारे ३८ टक्के, तर लुटुपुटीच्या उपचाराने ११ टक्के होता. म्हणजे बहुसंख्य रुग्णांत अपेक्षित प्रतिसाद आढळला नाही.

डोकेदुखी हा नेहमीचा दुष्परिणाम. अपस्मारासारखा झटका क्वचित येतो. डोक्यात चुंबकाने आकर्षिले जाणारे धातूचे रोपण असल्यास उपचार वर्ज्य.