विमानाची फडफड

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिकडे लोक गॅरेजमध्ये मोटार ठेवतात. याने मोटार बाहेर पावसात उभी केली आणि आत सहा वर्षे खपून एक दोन आसनी विमान बांधले. अशी हौशी विमाने बांधायला त्या देशात कायद्याने मुभा आहे. विमान उडाले, फोटो आले, आम्ही इकडे पेढे वाटले. महिन्याभराने त्याचा फोन आला.

"मामा, ताशी एकशे तीस मैलांच्या पुढे गेलो की दांडा हातात थरथरतो."

मी जन्मभर कॉलेजात यंत्रशास्त्र शिकवले. विमान कधी बांधले नाही. तरी एक प्रश्न सुचला. इंजिनाचे फेरे कमीजास्त केले की थरथर बदलते का? तो म्हणाला, नाही. विमानाचा वेग उतरला की मात्र आपोआप थांबते. म्हणजे इंजिन आणि प्रोपेलर बहुधा निर्दोष. कंपाचे नाते वाऱ्याशी होते, आणि हेच मला आवडले नाही.

"उद्या शेपटीवर कॅमेरा बांधतो आणि आणखी दहा मैल वाढवून बघतो. म्हणजे काय हलतंय ते दिसेल."

"उद्या विमानाला हात लावायचा नाही," मी म्हटले. "आधी मी सांगतो ते ऐक."

त्याला जे सांगितले तेच वाचकांपुढे ठेवतो. गोष्ट पहिल्या महायुद्धातली आहे. इंग्लंडात हँडली पेज कारखान्याने दोन इंजिनांचे एक मोठे बाँबफेकी विमान तयार केले होते. हवेत त्याची शेपूट अशी पिळवटे, की वैमानिकांच्या काळजाचे पाणी व्हावे. १९१६ साली हे दुखणे तपासण्याचे काम लँचेस्टर यांच्याकडे आले. मोटारगाड्या बनवणारे म्हणून त्यांचे नाव आपल्याला ठाऊक असते, पण उड्डाणशास्त्रातही हा माणूस फार पुढचा होता.

विमानाचे नाक वरखाली करण्यासाठी शेपटीच्या मागच्या कडेला बिजागरीवर हलणाऱ्या आडव्या झडपा असतात. त्यांना एलेव्हेटर म्हणतात. या विमानात डावी आणि उजवी झडप वेगवेगळ्या तारांनी दांड्याला जोडलेली होती. त्यामुळे एक वर जाताना दुसरी खाली जाऊ शके. तसे झाले की शेपूट पिळली जाई, आणि पिळलेली शेपूट झडपांना पुन्हा उलटसुलट ढकली. लँचेस्टर यांनी ओळखले की बाहेरून कोणी हे कंप घडवीत नाही. दोन हालचाली एकमेकींना खतपाणी घालताहेत आणि लागणारी शक्ती वाऱ्यातून उचलताहेत. इलाज अगदी साधा निघाला. दोन्ही झडपा एका भक्कम नळीने जोडून टाका, म्हणजे त्या विरुद्ध दिशांनी हलणारच नाहीत. बेअरस्टो आणि फेज यांनी त्याच सुमारास याचे गणितही मांडले.

इतके झाल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. पण पुढल्याच वर्षी डी. एच. ९ या विमानाच्या शेपटीला तोच रोग जडला, माणसे मेली, आणि मग तीच नळी बसवली गेली. युद्धाची घाई मी समजू शकतो. तरीही हा प्रसंग वाचताना मला राग येतो.

नळीने एक प्रकार आटोक्यात आला. रोगाचे मूळ पुढे हॉलंडमध्ये सापडले. तिथल्या एका समुद्री विमानाचे पंख आणि पंखांच्या कडेच्या झडपा, म्हणजे एलेरॉन, मिळून फडफडत. फॉन बाउमहाउअर आणि कोनिंग यांनी त्याचा अभ्यास करून १९२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. झोपाळ्याला योग्य क्षणी बोटाचा धक्का दिला तरी तो उंच जातो, हे आपल्या घरातल्या मुलांनाही कळते. वारा तेच करतो. झडपेचे वजन बिजागरीच्या मागे असले, की पंख वर उचलला जाताना ती जडपणाने मागे रेंगाळते, म्हणजेच खाली झुकते. आणि खाली झुकलेली झडप पंखाला आणखी वर लोटते. परतताना उलट. प्रत्येक खेपेला धक्का नेमक्या वेळी! बिजागरीच्या पुढे शिशाचा तुकडा बसवून वजन सावरले, की झडप रेंगाळत नाही आणि वाऱ्याचा धक्का चुकतो.

यानंतर १९२८ साली फ्रेझर आणि डंकन यांचा या विषयावरचा इंग्रजी ग्रंथ आला, आणि अभियंत्यांनी तो पोथीसारखा वापरला. म्हणून काही फडफड संपली नाही. जर्मनीत १९३८ साली युंकर्स यू-९० हे विमान फडफडीच्याच चाचणीत कोसळले. जाणकारांच्या हातून हे घडले, हे भाच्याला मी दोनदा ऐकवले. ज्या वेगाला कंप विरत जातो आणि ज्या वेगाला तो वाढत जाऊन शेपूट तोडतो, त्यांत कधीकधी फार थोडे अंतर असते. कॅमेऱ्यात चित्र येईल. ते पाहायला कोण उरेल?

"मामा, ती जुनी विमानं," तो म्हणाला.

मग मी त्याला झोडियाक सीएच-६०१ एक्सएलची आठवण दिली. हे लहान विमान पुष्कळ हौशी लोकांनी घरी बांधले आहे. त्यातली सहा हवेतच मोडली, दहा माणसे गेली, आणि एप्रिल २००९ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने ही विमाने उडवू देऊ नयेत अशी शिफारस केली. संशय फडफडीवर होता. त्याच्या एलेरॉनना सावरणारे वजनच नव्हते. तारा नीट ताणलेल्या असल्या तर भय नाही, असे बनवणाऱ्यांचे म्हणणे. पण तारा आज ताठ असतात, उद्या सैलावतात. अखेर जी दुरुस्ती ठरली तीत पंख बळकट करण्याबरोबर शिशाचे वजनही आले. मध्ये पंचाऐंशीहून अधिक वर्षे गेली होती.

भाचा बराच वेळ गप्प होता. मग त्याने सांगितले की त्याने वजन नीट सावरले होते, नकाशाबरहुकूम.

"केव्हा?"

"रंग द्यायच्या आधी."

"आणि रंग किती वेळा दिला?"

पहिला पांढरा. तो भाचेसुनेला आवडला नाही, म्हणून वर झेंडूच्या फुलाचा. मध्ये खळगे बुजवायला लांबी. झडपेचा बहुतेक पसारा बिजागरीच्या मागेच असतो. रंग बसला तोही मागेच.

त्याने एलेव्हेटर उतरवला आणि बिजागऱ्यांवर मोकळा टांगला. नकाशाप्रमाणे तो आडवा तरंगत राहायला हवा होता. त्याची मागची कड सावकाश खाली गेली आणि तिथेच राहिली. पुढचे दोन रविवार त्याने रंग खरवडण्यात घालवले, बिजागऱ्यांची आणि जोडदांड्यांची ढिलाई तपासली, एकच पातळ हात दिला आणि पुन्हा टांगला. या खेपेला आडवा राहिला. पुढचे उड्डाण तिथल्या एका मुरब्बी वैमानिकाच्या देखरेखीखाली, पाचपाच मैलांनी वेग चढवीत झाले. दांडा थरथरला नाही.

विमान आता पांढरे आहे. भाचेसुनेला ते अजून पसंत नाही.