ॲडम्स, जेम्स विल्यम

(२४ नोव्हेंबर १८३९ – २० ऑक्टोबर १९०३). अँग्लिकन धर्मोपदेशक, ब्रिटिश हिंदुस्थानातील लष्करी चॅप्लेन आणि व्हिक्टोरिया क्रॉस या शौर्यपदकाचे मानकरी ठरलेले पहिले धर्मगुरू. जन्म आयर्लंडमधील कॉर्क येथे. शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. १८६३ मध्ये त्यांनी धर्मदीक्षा घेतली आणि काही काळ इंग्लंडमध्ये काम करून १८६६ मध्ये ते बंगाल इलाख्याच्या धर्मखात्यात रुजू झाले. या खात्यातील चॅप्लेन सरकारी पगारी नोकर असत, पण सैनिक नसत. छावणीत उपासना चालवणे, आजारी व जखमी शिपायांना धीर देणे आणि मृतांचे दफनविधी करणे ही त्यांची कामे.

दुसऱ्या अफगाण युद्धात (१८७८–८०) ॲडम्स जनरल रॉबर्ट्स यांच्या काबूल फौजेबरोबर होते. ११ डिसेंबर १८७९ रोजी काबूलजवळ किल्ला काझी येथे संख्येने फार मोठ्या अफगाण सैन्यापुढे ब्रिटिश घोडदळाला माघार घ्यावी लागली. त्या धावपळीत नवव्या लान्सर्सचे काही स्वार घोड्यांसकट पाण्याने भरलेल्या खोल नाल्यात कोसळले आणि घोड्यांखाली अडकले. ॲडम्स यांनी स्वतःचा घोडा सोडून दिला व ते नाल्यात उतरले. कमरेइतक्या पाण्यात, गोळीबार चालू असताना त्यांनी स्वारांच्या अंगावरचे घोडे ओढून बाजूला केले आणि त्यांना बाहेर काढले. तोवर आघाडीचे अफगाण काही हातांवर येऊन ठेपले होते. ॲडम्स यांना पायीच निसटावे लागले.

व्हिक्टोरिया क्रॉसच्या नियमांत धर्मखात्यातील माणसांचा समावेश नव्हता. तो १८८१ मध्ये करण्यात आला आणि त्याच वर्षी ॲडम्स यांना पदक मिळाले. हे पदक मिळालेल्या पाच मुलकी व्यक्तींपैकी ते शेवटचे. आधीचे चौघे १८५७ च्या उठावाच्या काळातले.

२७ जुलै १८८० रोजी मैवंद येथे ब्रिटिश ब्रिगेड पराभूत झाली. त्यानंतर वेढ्यात सापडलेले कंदाहार सोडवण्यासाठी रॉबर्ट्स यांनी काबूलहून केलेल्या सुमारे ५०० किमी. कूचमध्येही ॲडम्स सामील होते.

पुढे ब्रह्मदेशातील मोहिमेतही ते सामील झाले. त्यानंतर, १८८७ मध्ये ते मायदेशी परतले व नॉरफक परगण्यात धर्मगुरू म्हणून राहिले. रटलंडमधील ॲशवेल येथे त्यांचे निधन झाले. शस्त्र न धरता, नेमून दिलेल्या कामापलीकडे जाऊन त्यांनी माणसे वाचवली, यातच त्यांच्या शौर्याचे मोठेपण आहे. पुढे पहिल्या महायुद्धात आणखी तीन चॅप्लेन या पदकाचे मानकरी ठरले.